काचेभोवतीची फट

संत तुकाराम नगर, पिंपरी
१५ डिसेंबर २०२४

चि. दिव्या,

काल तुझं डोहाळजेवण झालं. काल बाबांचं तेरावं होतं.

ही दोन वाक्यं एकाखाली एक लिहिताना हात अडेल असं वाटलं होतं. अडला नाही.

हे पत्र मी आज पाठवणार नाही. तुझं बाळंतपण नीट पार पडलं, तू उठून हिंडायला लागलीस, की देईन. तोवर ते कपाटात साड्यांच्या खाली राहील.

बाबा दोन तारखेला सकाळी गेले. गॅलरीत काम करत होते. मी आत चहा गाळत होते. रंध्याचा आवाज थांबला. तो मधेमधे थांबायचाच, म्हणून मी लगेच उठले नाही. कप घेऊन गेले तेव्हा ते भिंतीला टेकून बसले होते, मांडीवर लाकूड. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, त्रास झाला नसेल. सगळ्यांना असंच सांगत असतील.

दवाखान्यातूनच मी तिकडे जर्मनीत तुझ्या निरंजनला फोन केला. तो म्हणाला, "आई, तिला आत्ता नको." आधी दोनदा गर्भ राहिला नाही, त्या दोन्ही वेळची हॉस्पिटलं आम्हा दोघांच्याही डोळ्यांपुढे होती. या वेळी गर्भाशयाला टाका घालून तुला पलंगावर झोपवून ठेवलेलं. मी म्हटलं, "नको." एवढंच झालं. त्याच्यापेक्षा जास्त वेळ आम्ही कधीतरी तुमच्या घरच्या पडद्याच्या रंगावर बोललो असू.

कापूर रविराजनं पेटवला. तुझ्या काकांचा मुलगा, दुसरं कोण होतं. बाबा शौकतभाईंना नेहमी म्हणायचे, "माझं सगळं दिव्या करणार. तुम्ही फक्त लाकडं पाठवा." शौकतभाईंचं कुरुळीला पॅकिंगच्या लाकडांचं गोडाऊन, म्हणून तो विनोद. लाकडं लागली नाहीत. विद्युतदाहिनी होती.

काल घरात तेराव्याची माणसं जेवत होती. तुझ्या मैत्रिणीचा मेसेज आला की आता सुरू करतोय, व्हिडिओ लावा. मी आतल्या खोलीत गेले. तुझी चतुराआत्या मागून आली. दार लावून घेतलं आणि देवघरातली कुंकवाची डबी माझ्यापुढे धरली.

मी म्हटलं, "वन्सं, आज?"

"लेकरापायी लाव. पाप लागलं तर मला लागू दे."

मी लावलं. मंगळसूत्रही घातलं. ते अजून कपाटातच होतं.

तू सोफ्यावर आडवी होतीस. ब्लँकेटवरून हिरवी साडी पसरलेली, केसांत कागदाची फुलं. मुली गाणी म्हणत होत्या. दोन झाकलेल्या वाट्या पुढे आल्या. तू उघडलीस तिच्यात बर्फी निघाली. "मुलगी," तू म्हणालीस आणि हसलीस. मीही हसले, दिव्या. ते खोटं नव्हतं.

"आई, मागं एवढ्या माणसांचे आवाज कसले?"

"सोसायटीत सत्यनारायण आहे. पंगत आपल्याकडे."

"आणि बाबा?"

"गॅलरीत. टीपॉय करतायत."

"टीपॉय काय, कॉफी टेबल म्हण."

"कॉफी पितं कोण आपल्याकडे?"

"मी आल्यावर पीन ना. बाबांना सांग, कोपरे गोल करा. बाळ आपटेल."

मी दाराकडे तोंड करून ओरडले, "अहो, कोपरे गोल करा म्हणत्येय." बाहेर पंगतीत एकदम शांतता झाली. भात वाढणारा हात मला बंद दारातून दिसत नव्हता, पण तो थांबला असणार.

तुझी
आई


संत तुकाराम नगर
२९ डिसेंबर २०२४

चि. दिव्या,

एक खोटं बोललं की त्याचं काम करावं लागतं, हे मला माहीत नव्हतं.

तू रोज विचारतेस, "किती झालं?" परवा मी म्हणून गेले, "पट्ट्या कापायला घेतल्यात." आता पट्ट्या कापायला हव्यात.

बाबांनी चारही पाय करून ठेवले होते. खाचा पाडलेल्या, घासलेले, गाद्यांच्या कव्हरात गुंडाळलेले. बाकी काही नव्हतं. एका प्लायच्या तुकड्यावर पेन्सिलीनं आकृती आहे. चारी बाजूंनी चौकट, तिच्यात बसणारी काच, खाली पेपर ठेवायला फळी. आकडे त्यांच्या बारीक अक्षरात.

शौकतभाई फळ्या घेऊन आले. परदेशी मशिनं ज्या खोक्यांतून चाकणला येतात त्यांचं पाइन. बाबांनीच निवडून बाजूला काढून ठेवलं होतं म्हणे. शौकतभाई गॅलरीत उभे राहिले, टीपॉयचा एक पाय हातात घेतला, परत ठेवला.

"भाभी, मी काय म्हणतो, हे सगळं माझ्याकडे टाका. आर्ध्या दिवसात उभं करून देतो. तुम्ही फोटो काढा नि पाठवा पोरीला."

"नको."

"का नको? दौलतराव काय वरनं बघायला येणार हायेत, माझी मशीन का त्यांची करवत?"

"ती बघेल."

"जर्मनीतनं?"

"ती त्यांच्या कामात वाढली आहे, शौकतभाई. मशीनचं लगेच ओळखेल."

ते म्हणाले, "बरं. काचेची खाच तेवढी मशीनवर पाडून देतो. ती तुमच्याच्यानं व्हायची न्हाई." त्यांनी मला करवत कशी धरायची ते दाखवलं. माझ्या हाताकडे पाहून एकदाच म्हणाले, "भाभी, बोटं मोजून ठेवा. संध्याकाळी परत मोजू."

बाबांची पेटी मी पहिल्यांदा उघडली. भोसरीच्या पॅटर्न शॉपमध्ये लागले तेव्हापासूनची ती पेटी. कास्टिंग ओतायच्या आधी त्याचा लाकडी नमुना करायचा, एवढं मला त्यांच्या कामाबद्दल माहीत होतं. बाकी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. मापाच्या टेपचा टोकाचा हूक गंजून तुटला होता. पण तळाशी, मऊ फडक्यात गुंडाळलेली, स्टीलची लांब पट्टी होती. तुला आठवत असेल. दर दसऱ्याला ती पेटीतून निघायची आणि मी तिला हळदकुंकू लावायचे. एरवी तिला कुणी हात लावलेला त्यांना चालत नसे. जी वस्तू माणूस इतकी जपतो ती अचूकच असणार, असं मला वाटलं. मी तीच घेतली. आकृतीवरचे आकडे बघून पट्टीनं खुणा केल्या आणि कापलं.

करवत वाकडी जाते. तिला जोर लावायचा नसतो, हे कळायला एक फळी वाया गेली.

कापलेल्या पट्ट्यांचा फोटो तुला पाठवला. हात फोटोत येणार नाहीत असा. तू लिहिलंस, "बाबांची करवत पहिल्यांदा वाकडी गेलेली पाहिली. बरे आहेत ना?"

मी लिहिलं, "थंडी आहे."

मग तू म्हणालीस, "त्यांना दे ना फोन." तसे ते फोनवर कधी बोलले? "बरी आहेस ना" म्हणून माझ्या हातात द्यायचे. कान शॉपमधल्या मशिनींनी गेलेले. तेच सांगून मी इतके दिवस काढले. पण काल तू ऐकेनास. "एक मिनिट. नुसतं बघू दे."

मला काही सुचेना. मी म्हटलं, "ते रुसलेत तुझ्यावर."

"माझ्यावर? का?"

"पहिलं बाळंतपण माहेरी नाही म्हणून."

दिव्या, ते रुसले नव्हते. तू तिकडेच राहायचं ठरवलंस तेव्हा ते म्हणाले होते, "तिथं डॉक्टर चांगले असतील तर तिथंच बरं." आणि गॅलरीत गेले होते. एवढंच. ते वाक्य तुला द्यायचं राहिलं, आणि त्याच्या जागी मी हे दिलं.

तुझी
आई


संत तुकाराम नगर
१६ जानेवारी २०२५

चि. दिव्या,

संक्रांत झाली. खालच्या मजल्यावरून हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. दरवर्षी यायचं. त्यांची चूक नाही.

शौकतभाईंची नजमा तिळाचे लाडू घेऊन आली. त्यांच्या घरात तीळगूळ होत नाही, तिनं विकत आणला होता. गॅलरीत आली आणि बराच वेळ माझं काम बघत बसली. मी सांधे बसवत होते. फेविकॉल बोटांवर वाळला की त्याची सालं निघतात, ती काढत बसायचा चाळा लागला आहे.

"वहिनी, एक बोलू? राग नका धरू."

"बोल."

"जित्या पोरीला रडवायचं आणि गेलेल्या माणसाला राबवायचं. हे बरं न्हाई."

"मग काय करू?"

"मला काय ठाव. मी सांगितलं असतं. मी पण सांगितलं नसतं." तिनं लाडू पुढे केला. "खावा. गोड बोलू नका, तेवढंच."

तिला हसू आलं आणि मला पण.

बाबांचा फोन माझ्याकडे आहे. तू त्यांना निरोप पाठवायला लागली आहेस, आवाजाचे. मी ते न उघडता ठेवणार होते. पण तू मला म्हणालीस, "आई, ते माझं ऐकतसुद्धा नाहीत. खूण निळी होत नाही." तुझा आवाज फाटला होता. डॉक्टरांनी तुला रडायचं नाही म्हणून सांगितलेलं. म्हणून मी उघडले. आता खुणा निळ्या होतात.

"बाबा, सॉरी. तुम्हाला विचारायला हवं होतं."

"बाबा, मला तिकडेच यायचं होतं हो. मला विमानात बसू देत नाहीत."

"बाबा, आज पोटात एवढ्या लाथा मारल्या. तुमच्यासारखी आहे. बोलत नाही, नुसती ठोकते."

हा शेवटचा मी पुन्हा पुन्हा ऐकला. माझा तो नव्हता, तरी ऐकला.

परवा तू मला विचारलंस, "राग असता तर त्यांनी माझ्यासाठी टेबल केलं असतं का?"

मी म्हटलं, "नसतं केलं."

"म्हणजे राग जातोय."

"जातोय. टेबल पूर्ण झालं की बोलतील."

हे वाक्य तोंडातून गेलं आणि मी काय केलं ते मला कळलं. तेव्हापासून मी घाई करत नाही. कोपरे गोल करते आहे. आधी कानशीनं, मग जाड पॉलिश पेपरनं, मग बारीक. एक कोपरा झाला की दुसरा त्याच्यासारखा नसतो, म्हणून दुसऱ्यासाठी पहिला पुन्हा. चौकट आता हाताला साबणासारखी लागते. शौकतभाई येऊन म्हणतात, "भाभी, आता थांबा, न्हाईतर लाकूड संपंल."

मार्चपर्यंत, तू बाळंत होईपर्यंत, मला हे काम पुरवायचं आहे.

एक सांगते. हे काम करताना मला बरं वाटतं. लाकडाचा भुसा केसांत बसतो, आंघोळीला त्याचा वास सुटतो. तोच वास तीस वर्षं या घरात यायचा आणि मी खिडक्या उघडायचे.

तुझी
आई


संत तुकाराम नगर
१० फेब्रुवारी २०२५

दिव्या,

काल तू काय बोललीस ते तुला माहीत आहे. तरी लिहिते. तू फोन उचलत नाहीस, आणि निरंजन म्हणतो तू त्याच्याशीही बोलत नाहीस. नुसती छताकडे बघत पडून असतेस म्हणाला.

शनिवारी शौकतभाईंनी काच आणली. बाबांच्या आकृतीवरच्या आकड्यांप्रमाणे कापून. चौकटीत ठेवली तर चारही बाजूंनी फट. खाली कड आहे म्हणून पडली नाही, पण मधे तरंगल्यासारखी दिसते. शौकतभाई चिडले. काच उचलून परत त्या काचवाल्याकडे गेले, तिथं भांडले, आणि तासाभरात तीच काच घेऊन परत आले.

"टेपनं मोजून दाखवली त्यानं. काच बरोबर हाय, भाभी. गडबड आपल्याकडं हाय."

मला वाटलं माझी करवत. म्हटलं, राहू दे. वर पेपर ठेवला की दिसणार नाही.

काल रविवार. तू म्हणालीस, "महिना झाला, कोपरेच चालू आहेत. आज दाखवच." मी कुंकू लावलं आणि फोन टेबलावर धरला. तुझा चेहरा उजळला ते मी पाहिलं. तू म्हणालीस, "कोपरे बघ कसे केलेत." मग म्हणालीस, "जवळ ने जरा. काचेपाशी."

मी नेला.

"ही फट कसली?"

"वय झालं त्यांचं. नजर कमी झाली."

"नाही. टोकाला नेऊ दे. आता बाजूला." मी नेत गेले. लांबीच्या टोकांना पेन्सिल बसेल एवढी फट होती, बाजूंना तिच्या निम्मी. मला त्यात काही दिसत नव्हतं. तू उशीवरून उठून बसलीस. तुला उठायची मनाई होती.

"आई, नजर चुकली की एकीकडे चुकते. हे सगळीकडे हिशेबात मोठं झालंय. कुठल्या पट्टीनं मोजलं?"

"त्यांच्या."

"फडक्यातल्या?"

"हो."

"ती लाकूडकामाची नाही. ती खोट्या मापाची आहे." तू शाळेतल्यासारखं सावकाश सांगायला लागलीस. लोखंड ओतल्यावर थंड होताना आकसतं. म्हणून त्याचा नमुना आधीच मोठा करावा लागतो. म्हणून त्या पट्टीतला प्रत्येक सेंटीमीटर खऱ्यापेक्षा जरा मोठा असतो. सातवीत तू ती गुपचूप शाळेत नेली होतीस आणि भूमितीच्या सगळ्या रेषा मोठ्या आल्या होत्या. बाबा रागावले नाहीत. भूमितीची वही घेऊन गॅलरीत बसले आणि हसत राहिले. "आपल्या दोघांतच ठेवू" म्हणाले.

तीस वर्षं मी त्या पट्टीला हळदकुंकू लावलं. मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

"बाबा ती घरच्या सामानाला कधीच लावणार नाहीत," तू म्हणालीस. "मरतील पण..."

आणि तू थांबलीस.

तू माझ्याकडे बघत राहिलीस. मी फोन टेबलावरून उचलून समोर धरला, आणि पदरानं कपाळ पुसलं. तोंडानं सांगायला मला जमलं नाही.

"कधी?"

"दोन डिसेंबर."

"म्हणजे डोहाळजेवणाला..."

"तेरावं होतं."

"ती सत्यनारायणाची माणसं."

"हो."

"अग्नी?"

"रविराजनं."

मला वाटलं तू रडशील. मी निरंजनला हाक मारणार होते.

"ते रुसले होते माझ्यावर?"

"नाही. कधीच नाही."

"मग मी इतके दिवस कुणाची माफी मागत होते?"

मी फोन दुसऱ्या हातात घेतला.

"ते निळं कोण करत होतं?"

"मी."

तू फोन बंद केलास. टेबल अजून गॅलरीत आहे. काच मी काढून आत ठेवली आणि थोड्या वेळानं परत बसवली. कुठंच ठेवायला जागा सुचेना.

आई


संत तुकाराम नगर
९ मार्च २०२५

दिव्या,

बुधवारी निरंजनचा फोटो आला. मुलगी. सोबत एक शब्द नव्हता. मग संध्याकाळी त्यानं लिहिलं, दोघी ठीक आहेत, तिला वेळ द्या. मी विचारलं, "तुझ्याशी बोलते का?" त्याचं उत्तर आलं, "बाळाबद्दल बोलते."

चतुराआत्याला फोन केला. ती म्हणाली, "लेकरू धडधाकट झालं ना? मग झालं तर. तुझं खोटं कामी आलं." मी हो म्हटलं नाही. तू ते नवव्या महिन्यात ऐकलंस आणि तुला काही झालं नाही. डिसेंबरात ऐकलं असतंस तर काय झालं असतं, हे आता कुणालाच कळायचं नाही. तुला नाही, मला नाही. मी बरोबर होते की मी तुझ्याकडून तुझे बाबा दुसऱ्यांदा काढून घेतले, हे मला कुणी सांगू शकत नाही.

शौकतभाई आले होते. मुलगी झाली म्हटल्यावर म्हणाले, "दौलतराव असते तर पाळण्याला लागले असते." मग त्यांचं लक्ष काचेकडे गेलं. "ही मोठी कापून आणतो, भाभी. काचेला काय, आकडा सांगा नि न्या."

"नको."

"दिसायला बरं न्हाई दिसत."

"राहू दे."

बाळाचं नाक बाबांसारखं आहे. हे तुला माझ्याकडून ऐकायचं नसेल. पण ते आहे.

आई


संत तुकाराम नगर
१८ मे २०२५

दिव्या,

निरंजननं लिहिलं आहे, "दिव्यानं बाबांची ती पट्टी मागितली आहे. फक्त पट्टी."

मी त्याला विचारलं, टीपॉयचं काय? त्याचं उत्तर आलं नाही, त्यातूनच कळलं.

पट्टी या पार्सलात आहे. त्याच फडक्यात. मी ती पुसली नाही. मागच्या बाजूला कोपऱ्यात हळदीचा डाग आहे, तो दसऱ्याचा, माझा. तुला नको असेल तर लिंबानं निघेल. फडक्याखाली ही पत्रं ठेवली आहेत. आधी तुला सगळं झाल्यावर हातात देईन असं लिहिलं होतं. तू इकडे येशील असं मी तेव्हा धरून चालले होते. वाच किंवा वाचू नकोस.

माफ कर असं मी लिहीत नाही. ते शब्द तू बाबांच्या फोनवर इतक्यांदा बोलली आहेस की माझ्याच्यानं ते उचलवत नाहीत.

शौकतभाईंनी पार्सल तयार करून दिलं, या पत्रासाठी तोंड तेवढं उघडं ठेवलं. पट्टी वाकू नये म्हणून दोन्ही बाजूंना पाइनच्या पातळ फळ्या लावल्या. काल पावती करायला गेलो तेव्हा कुरिअरवाल्यानं विचारलं, आत काय. मी म्हटलं, माप. तो म्हणाला, "मॅडम, वस्तूचं नाव सांगा." शौकतभाई म्हणाले, "लिही बाबा, जुनी पट्टी. किंमत काय न्हाई."

आणखी एक.

काल बाबांच्या फोनवर तुझा निरोप आला. आवाजाचा. फेब्रुवारीनंतर पहिला. बराच लांब आहे. तू काय म्हणाली असशील, मागं बाळ रडतंय की झोपलं आहे, मला माहीत नाही. मी तो उघडला नाही. तो मला पाठवलेला नाही.

टीपॉय आता बाहेरच्या खोलीत आणलं आहे. बाबांचा फोन मी त्याच्यावर ठेवते, चार्जरला लावून. निरोप आला की तो थरथरतो, आणि काच सैल आहे म्हणून वाजते. आज सकाळी दुसरा आला. मी आत चहा गाळत होते. स्वयंपाकघरात ऐकू आलं.

आई